हवा चाचपणारे दाजी

हवेला माझ्या दाजींइतका मान देणारा माणूस अख्ख्या बेळगावात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. राहायला वडगावात आणि लहानपणापासून दम्याचे धनी. थंडी पडली की कानटोपी, तिच्यावर मफलर, मफलरवर आक्काची शाल अशा थाटात ते वावरतात. डोळे तेवढे उघडे, तेही नाइलाजाने. घरातून निघताना आधी हात दाराबाहेर काढून हवा चाचपतात, मग पाय. उन्हाळ्यातही तेच. त्यांच्या मुलाचं लग्न निपाणीला होतं. वैशाखातल्या भर दुपारी वरात निघाली, तर नवरदेवाचे वडीलच रस्त्यात आडवे उभे. "म्हाताऱ्यांच्या काळजाला ह्ये ऊन सोसायचं न्हाय. उतरू दे जरा," म्हणाले. वाजंत्री बसली, विहीणबाई फुगल्या, आणि दोन्हीकडची म्हातारी माणसं चिंचेखाली ताक पीत निवांत गप्पा मारत राहिली.

असा माणूस गेल्या पौषात रोज उजाडताना लष्करी छावणीकडे, कॅम्पात फिरायला जाऊ लागला, तेव्हा आम्ही चाटच पडलो. त्यांचा मित्र, पलटणीतून निवृत्त झालेला एक हवालदार, ऐन धुक्यात नुसत्या बनियनवर झपाझप चालायचा. "थंडीनं शिरा आवळत्यात रं, काळजावर भार येतोय," दाजी विनवायचे. "मग तू घरात बस की," हवालदार हसायचा. दाजी घरात बसले नाहीत. खिशात दम्याचा पंप, छातीत पेटी वाजतेय, आणि हे आपले त्याच्या मागोमाग.

एका सकाळी हवालदार चालता चालता थांबला. त्या गारठ्यात त्याच्या कपाळावर घाम. "पित्त हाय," तो म्हणाला. दाजींनी वाद घातला नाही. दूधवाल्याचा टेम्पो अडवला आणि त्याला थेट दवाखान्यात नेलं. हृदयविकाराचा झटका होता. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून दाजी जे बाकावर टेकले ते उठेचनात. दम इतका लागला होता की त्यांनाही शेजारच्या खाटेवर घ्यावं लागलं.

"एवढं कळतंय तर गारठ्यात कशाला गेलतासा?" मी विचारलं.

तोंडावरचा मास्क बाजूला करून ते म्हणाले, "त्यो ऐकत न्हवता. एकटाच कुठं पडला असता तर?"

मी मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर नीट बसवला. थंडीला इतकं भिऊनही रोज तिच्यात उतरणारा माणूस माझ्यासमोर धापा टाकत होता.

यंदा दोघं ऊन पसरल्यावरच निघतात. हवालदार ठणठणीत आहे. दाजींना मात्र चार पावलांत धाप लागते. परवा मी लांबून बघितलं. हवालदार मध्येच थांबला, वाकून बुटाची नाडी सोडली आणि सावकाश बांधत राहिला. दाजींचा श्वास खाली बसेपर्यंत ती काही बांधून झाली नाही.