डाव्या कडेची एक साखळी

ईरा, नील,

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांनासुद्धा नाही — आणि त्यांच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे तसं काहीच नसायचं. तुम्हाला मराठी वाचायला अजून वेळ लागतो, म्हणून बाबा हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतील. मंदार, जसं लिहिलंय तसंच वाच. मधलं काही गाळू नकोस. असं का म्हणते, ते पुढे कळेल.

गेल्या महिन्यात, ईरा, तू व्हिडिओ कॉलवर तुझं नवं विणकाम दाखवलंस. मी नीलच्या मफलरसाठी काढलेली नक्षी तू तिकडे बसून विणत होतीस. आणि विणता विणता सहज म्हणालीस, “आत्याआजीला ट्युनिशियन जमायचंच नाही ना? बाबा म्हणाले, तिने माझ्यासाठी वाकडं दुपटं केलं होतं.” तू हसलीस. बाबाही मागून हसले. आणि मी — मीसुद्धा हसले. फोन बंद झाल्यावर हातातली सुई बाजूला ठेवली ती चार दिवस उचलली नाही.

आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण, रोह्याला दिलेली. मी त्यांना वन्सं म्हणायची. त्या जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल तुमच्या मनात राहिलेली एकच गोष्ट वाकडं दुपटं ही असावी? आणि ती मी तशीच राहू द्यावी?

नीट, क्रमाने सांगते. मला क्रमानेच सांगता येतं.

मी ठाण्याला इंग्रजी शाळेत शिकले, लग्न होऊन पेणला आले आणि तीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं. वन्सं खाडीकाठच्या गावात वाढल्या, मराठी चौथीपर्यंत शिकल्या. पण त्यांच्या हाताला जे येत होतं ते मला कधी आलं नाही. क्रोशाचा रुमाल असो, टोपी असो, चष्म्याचं घर असो — त्यांच्या हातून उतरलेली वस्तू मऊ पडायची, अंगावर नीट बसायची. निवृत्त झाल्यावर आमची एक वाटणी ठरली. दर दुसऱ्या गुरुवारी मी गाडीने रोह्याला जायची. निडी स्टेशन गेलं की पिशवी आवरायला घ्यायची. त्यांच्याकडे पोचलं की इंग्रजी पुस्तकातली कृती मराठीत वाचून दाखवायची, ग्राफच्या वहीत चौकोन रंगवून नक्षी बसवायची. त्या विणायच्या. मीही विणायची, घरी.

“वाच गो पुढं,” म्हणायच्या. “इंग्रज बाई काय म्हनते?” पुस्तक लिहिणारी कुठल्याही देशाची असो, त्यांच्या लेखी ती इंग्रज बाईच. एकदा ऐकलं की पुरे. पुन्हा विचारावं लागत नसे.

मग ईरा, तुझ्या जन्माच्या वेळी एका जुन्या विद्यार्थिनीने मला परदेशातून ट्युनिशियन क्रोशाचं पुस्तक आणि दोन लांब सुया आणून दिल्या. पेण-रोह्याकडे हा प्रकार कुणी पाहिला नव्हता. तुला तो आता ठाऊक आहे, पण नीलसाठी सांगते — जाताना सगळे टाके सुईवर गोळा करत जायचं, येताना दोन-दोन करून उतरवत यायचं. काम उलटायचं नाही. कापड दाट, उबदार होतं. बाळाच्या दुपट्याला उत्तम. मी घरी एक तुकडा करून पाहिला. चांगला झाला. मला वाटलं — हे तरी माझं असेल.

तेव्हा फोनवर मंदार म्हणाला, “आई, तू आपली वाचून दाखव. दुपटं आत्याला करू दे. तुझं काम मापात असतं, पण हातात घेतलं की पुठ्ठा.”

मंदार, वाचताना थांबू नकोस. तू थट्टेत बोललास, आणि तुला ते आठवतही नसेल. मी तुझ्यावर काही टाकत नाही. पुढे जे केलं ते मीच केलं.

मी पुस्तक आणि दोनपैकी एक सुई घेऊन रोह्याला गेले. कृती चार ओळींची होती. सगळे टाके सुईवर घ्या. परत फिरण्याआधी डाव्या कडेला एक साखळी घाला. मग दोन-दोन टाके एकत्र उतरवा. शेवटी सुईवर एक टाका उरेल. एवढंच.

मी पहिली ओळ वाचली. तिसरी वाचली. चौथी वाचली.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की दुसरी ओळ नजरेतून निसटली. चष्मा बदलायला झाला होता, सुनेच्या बाळंतपणाची धावपळ होती — असं काय काय. पण ते खरं नाही. माझं बोट त्या ओळीवर होतं. मी बोट खाली सरकवलं.

ती एक साखळी गाळली तर काय बिघडतं? टाके कमी होत नाहीत. मोजले तर बरोबर भरतात. फक्त डावी कड दर ओळीला जराशी आखडते. चार बोटं विणून होईपर्यंत कळतसुद्धा नाही. कळल्यावर त्यांनी मला फोन केला. “सुधा, डावीकडं आखडतंय गो. टाकं तर बरोबर हायत. तीनदा मोजलं.”

मी म्हटलं, “वन्सं, तुमचा हात त्या बाजूला घट्ट पडत असेल. सैल सोडा.”

त्यांनी उसवलं, पुन्हा विणलं. पुन्हा उसवलं. तुझ्या बारशापर्यंत तीन वेळा. मला ते ठाऊक होतं, कारण प्रत्येक वेळी त्यांचा फोन यायचा आणि प्रत्येक वेळी मी तेच सांगायची — सैल सोडा. इकडे पेणला मी माझं दुपटं विणत होते, दर ओळीला डावीकडे एक साखळी घालून.

बारसं आपल्या घरी झालं. तुझ्या बाबांना बहीण नाही, म्हणून नाव ठेवायचा मान वन्संचा. त्या सकाळच्या गाडीने आल्या. पिवळं दुपटं त्यांनी पाळण्यात अंथरलं — एक बाजू पुरती, दुसरी वीतभर आखूड. शेजारची सुमनवहिनी मोठ्याने म्हणाली, “आत्याबाय, दुपटं हाय का पतंग? पोरगी उडून जाईल की!” बायका हसल्या. वन्संही हसल्या. “उडू दे गो. आत्याचा हात म्हातारा झाला, काय करनार?”

मी काय केलं? मी आत गेले आणि कपाटातून माझं दुपटं आणलं. “असू दे म्हणून केलं होतं,” म्हटलं. चारी कडा सरळ. त्याच्यावर तुला निजवलं. वन्संनी वाकून तुझ्या कानात नाव सांगितलं, तेव्हा त्यांचं पिवळं दुपटं घडी करून त्यांच्याच काखेत होतं. बारशाच्या फोटोत दिसतं ते पांढरं दुपटं माझं. तुम्ही तिकडे जाताना सोबत नेलंत तेही माझंच.

इथवर सांगून थांबता आलं असतं. हेवा वाटला, चूक झाली — माणसाचं होतं असं. पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे.

त्यानंतरच्या गुरुवारी मी रोह्याला गेले. वन्संचा मुलगा डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला गेलेला, त्यांची सून शाळेत. घरात आम्ही दोघीच. वन्संनी दुपटं मांडीवर पसरलं, आखडलेल्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, “सुधा, ते पुस्तक हाय का पिशवीत? परत एकदा वाच गो. इंग्रज बाईचं काय तरी ऱ्हायलं असंल.”

पुस्तक पिशवीत होतं. मी काढलं, पान उघडलं. या वेळी ना राग होता, ना कुणी काही बोललं होतं. बारसं उरकलं होतं, मला हवं होतं ते मिळालं होतं. एक ओळ वाचायची होती. “अय्या, ही राहिलीच की” — इतकंच म्हणायचं होतं. त्या हसल्या असत्या, मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि त्याच दुपारी नवं दुपटं सुरू केलं असतं.

मी पहिली ओळ वाचली. दुसरी मनात वाचली. तिसरी मोठ्याने वाचली.

“एवढंच आहे, वन्सं,” म्हटलं आणि पुस्तक मिटलं.

त्यांनी दोन्ही हात समोर धरून उलटसुलट करून पाहिले. बोटं उघडली, मिटली. म्हणाल्या, “मग हातच गेलं माजं.” त्या दिवसानंतर त्यांनी विणलं नाही. ट्युनिशियन नाही आणि साधं क्रोशेही नाही. सुया शेजारच्या मुलीला देऊन टाकल्या. सत्तरीही गाठली नव्हती त्यांनी, आणि हातात काहीच दोष नव्हता.

ईरा, म्हणून हे नीट ऐक. आत्याआजीला ट्युनिशियन जमत नव्हतं, हे खोटं आहे. त्यांनी ऐकलं ते तंतोतंत विणलं.

पुढची नऊ वर्षं मी रोह्याला जातच राहिले. तुम्हाला येणाऱ्या टोप्या, पिशव्या, मिठागरांच्या चौकोनांची ती शाल — सगळ्या नक्ष्या मी काढल्या, सगळं मी विणलं, आणि “आजीचा हात काय सुरेख” हे ऐकून घेतलं. वन्संसमोर मात्र विणायचं मी टाळायची. त्यांच्याकडे लोकरीची लड घेऊन जायची. त्या दोन्ही हात पुढे करून लड ताणून धरायच्या आणि मी गुंडा गुंडाळायची. “याला तरी हात उपेगी हाय माजं,” म्हणायच्या.

मागच्या वर्षी एकदा नीलची टोपी अर्धी राहिली होती, पार्सल दुसऱ्या दिवशी जायचं होतं. भान न राहून मी तिथेच सुई काढली. वन्सं शेजारी बसून बघत होत्या. मी डाव्या कडेला पोचले, साखळी घातली, परत फिरले. दुसऱ्या ओळीला तेच. तिसऱ्या ओळीला त्या म्हणाल्या, “तितं एक साखळी घेतेस तू.”

विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या.

मी म्हटलं, “हो.”

“बरं,” म्हणाल्या. थोड्या वेळाने उरलेली लड उचलून दोन्ही हातांवर चढवली आणि माझ्यापुढे धरली. मी टोपी खाली ठेवली, टोक शोधलं आणि गुंडाळायला लागले.

त्यानंतर त्या जाईपर्यंत मी आणखी सात वेळा रोह्याला गेले. सातही वेळा लड घेऊन गेले.