अण्णाची शनिवारची फ्लॉपी

अण्णा गेला त्याच्या आदल्या शनिवारी तो नेहमीसारखाच स्कूटरवरून खांदा कॉलनीतून आमच्या जुन्या पनवेलातल्या घरी आला होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी माझ्या हातावर ठेवली आणि मागच्या शनिवारची परत मागितली. मी वैतागून म्हटलं, "तुझ्या घराला काय आग लागणारे का रे?" तर गंभीरपणे म्हणतो, "बेबी, जळालेल्या प्रत्येक घराला असंच वाटत होतं." माझ्या या थोरल्या भावाचा जन्म विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात गेला. निवृत्त झाला तरी डोक्यातली आग काही विझली नाही.

निवृत्तीनंतर त्यानं कॉम्प्युटर घेतला आणि घरखर्च ठेवायचा कसलासा प्रोग्रॅम त्यात घालून घेतला. दूध, इस्त्री, गॅस, सगळं त्यात. शालूवहिनीला ते खोकं डोळ्यांसमोर नको होतं, कारण त्यापायी तिचं शिवणयंत्र पलंगाखाली गेलं होतं. त्यात या महाशयांनी उत्साहाच्या भरात हिशेबाच्या जुन्या वह्या रद्दीत घातल्या! वहिनीनं बजावलं, "हे खोकं एकदा जरी विसरलं, तर त्याच दिवशी घराबाहेर." अण्णानं कबूल केलं. शब्दाचा पक्का माणूस, हीच तर पंचाईत.

तेव्हापासून हिशेबाची एक प्रत त्याच्या घरी आणि एक माझ्या तांदळाच्या डब्यात. पनवेलच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते म्हणे. माझा भात गेला खड्ड्यात!

मग ती दिवाळी आली... लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे हिशेबाच्या वह्या पाटावर मांडतात. आता वह्या कुठल्या? अण्णानं घरातली फ्लॉपी मांडली, आणि तिची पत्र्याची झडप सरकवून चक्क आत हळद-कुंकू वाहिलं. वर पळीभर पाणी. "अहो, हे काय?" वहिनी म्हणाली. "हिशेब आत आहेत, शालू. वरच्या प्लास्टिकची पूजा करून काय उपयोग?"

भाऊबीजेच्या सकाळी वीज दोनदा आली-गेली आणि कॉम्प्युटरमधले हिशेब उघडेचनात. घरच्या फ्लॉपीत कुंकवाचा चिखल. मी औक्षणाचं ताट घेऊन उभी, तर हा दारातूनच ओरडला, "ओवाळणं राहू दे, आधी डबा काढ!" फ्लॉपी हातात घट्ट धरून मी त्याच्या स्कूटरवर मागे बसले आणि खांदा कॉलनी गाठली. वाटभर तो एकच म्हणत होता, "बेबी, आज माझं खोकं जातंय गं."

घरी वहिनी पदर खोचून उभी. शिवणयंत्र पलंगाखालून निम्मं बाहेर आलेलं! अण्णानं फ्लॉपी आत सरकवली. पडद्यावर दोन ओळी आल्या : वरची दाबली की कॉम्प्युटरमधलं फ्लॉपीवर जायचं, खालची दाबली की फ्लॉपीवरचं कॉम्प्युटरमध्ये यायचं. घाबरलेल्या अण्णाचं बोट सवयीनं वरच्या ओळीकडे निघालं. दाबलं असतं तर माझ्याकडच्या चांगल्या हिशेबावर बिघडलेला हिशेब बसला असता, आणि सगळं संपलं असतं.

"अहो थांबा!" वहिनी किंचाळली. "वरची दर शनिवारची. आज खालची!"

अण्णा तिच्याकडे बघतच राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून ही बाई दर शनिवारी सगळं बघत होती तर! गप्प बसली असती तर खोकं गेलं असतं आणि शिवणयंत्राची जागा परत तिचीच होती. हिशेब परत आले. मधल्या दिवसांचा खर्च वहिनीनं तोंडपाठ सांगितला आणि यंत्र पायानंच पलंगाखाली ढकललं. मला हसू आवरेना. अण्णाचे मात्र डोळे भरले होते.

परवाच्या शनिवारी बेल वाजली. दारात वहिनी, रिक्षानं आलेली, हातात प्लास्टिकची पिशवी.

"कॉम्प्युटर चालवला कुणी?"

"मीच. वरची ओळ दाबली."

"अगं, पण अण्णा गेल्यावर त्यात नवीन काय असणार?"

"काही नाही," ती म्हणाली. "पण आग लागली तर?"

मी रडत रडतच डबा उघडला. तिची फ्लॉपी तांदळात खोचली. तिनं मागच्या खेपेची मागायला हात पुढे केला, पण ती मी दिली नाही. ती अण्णानं स्वतःच्या हातानं आणलेली होती.

वहिनीनं हात मागे घेतला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं, राहू दे तुला. मी नवी विकत घेते. शनिवारी येतेच आहे."