वकिलाने पंखा लावला

आईला विसरायला होऊ लागलं, ते आम्हाला सगळ्यात आधी कळलं तिच्या पुस्तकावरून. पंधरा दिवस खूण एकाच पानावर होती. रोज दुपारी ती तेच पान नव्याने वाचत होती. पुढची सहा वर्षं मी तिला बोरिवलीला माझ्याकडेच ठेवलं. शेवटी शेवटी ती मला 'अहो बाई' म्हणायची.

ती गेल्यावर चार महिन्यांनी मी एक कादंबरी उघडली. पान उलटलं, तर मागे काय वाचलं ते आठवेना. दुसरं पुस्तक घेतलं, तेच. मी चोपन्न वर्षांची. नवऱ्याला काही बोलले नाही. पण गॅस बंद केलाय का, हे तीनतीनदा बघायला लागले आणि पुस्तकाला हात लावायचंच सोडून दिलं.

वर्षभराने वाचनालयातून नाव काढायला गेले. तिथल्या बाई मला कधीपासून ओळखतात.

"नाव काढू हो सावकाश. आधी हे न्या. खुनाची गोष्ट आहे, पण मजेशीर. लेखिका नवीन आहे, मीही नाव ऐकलं नव्हतं."

नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून घेतली.

खाडीपलीकडच्या गावातला जुना बंगला. घरची खडूस म्हातारी जेवतानाच मरून पडते, आणि बाकीच्यांना पहिली काळजी ही, की समोरची तळलेली सुरमई आता खायची की नाही! मी ओट्याशी उभ्या उभ्या हसले. जरा वेळाने लक्षात आलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याच राहिल्या होत्या.

रविवारी दुपारी अर्ध्याच्या पुढे पोचले होते. पोलीस सगळ्यांची चौकशी करत होते. म्हातारीचा वकील म्हणाला, "मी त्या दिवशी या घरात पहिल्यांदाच आलो."

मी पलंगावर उठूनच बसले. खोटं! सुरुवातीला उकडतंय म्हणून यानेच दिवाणखान्यातला पंखा लावला होता. त्याचं बटण भलतीकडेच, स्वयंपाकघराच्या दाराआड होतं. कोणालाही न विचारता याने ते बरोबर दाबलं होतं. मी मागची पानं चाळून पाहिलं. अगदी तसंच होतं.

"अरे, वकिलाने मारलं तिला!"

नवऱ्याने मोबाइलमधून मान वर केली. "कोणाला?"

मी पंख्याचं सांगायला लागले आणि सांगता सांगता रडूच फुटलं.

"अगं, झालं काय?"

"मला आठवलं रे. मला वाटत होतं, माझंही आईसारखंच..."

त्याने मोबाइल बाजूला ठेवला. "वर्षभर एकटीच घाबरत बसलीस? येडी आहेस का?"

संध्याकाळपर्यंत पुस्तक संपवलं. वकीलच निघाला. तरी त्या आठवड्यात नवरा मला डॉक्टरकडे घेऊन गेलाच. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "तसलं काही नाहीये. सहा वर्षं धड झोपला नाहीत तुम्ही. आता झोपा."

घरी आल्यावर कादंबरी नवऱ्याच्या हातात दिली.

"आता मी काय वाचू? खुनी तर सांगून टाकलास."

"पकडतात कसा, ते वाच," म्हटलं आणि आडवी झाले. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि चहा त्याने केला होता.