छत्तिसाव्या पानावरचे मामंजी

ऑफिसात तिला सगळे चौकटताई म्हणत. फोटोंच्या मासिकाची पानं लावायची, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. मासिकात मजकूर चवीपुरता, बाकी सगळे फोटोच. ते कधी आडवे येणार, कधी उभे, आणि तेही शेवटच्या घटकेला. म्हणून तिने पानावरच्या चौकटी अशा बेतल्या होत्या की एक ताणली की शेजारची आपोआप सरकून जागा देई. "एकत्र कुटुंबच आहे हे," ती म्हणायची. "एकाने पाय पसरले की दुसऱ्याने आवरून घ्यायचे."

पण फोटो येईपर्यंत चौकट रिकामी ठेवणं तिच्या जिवावर यायचं. देवाविना देव्हारा बघवत नाही, तसं. म्हणून ती तिथे आपल्या सासऱ्यांचा फोटो बसवून ठेवी. जाड भिंगांचा चष्मा, नाकावर माशी बसू न देणारा चेहरा. खरा फोटो आला की मामंजी उठत. संपादक हसत विचारत, "आज किती पानांवर बसलेत मामंजी?" घरी मामंजींना मात्र याचा पत्ता नव्हता.

त्या महिन्यात कारखान्यातल्या स्फोटाला वर्ष होत होतं. गेलेल्या अकरा कामगारांना एकेक पान द्यायचं ठरलं. अंक छापून आला, तिने वरचीच प्रत उघडली आणि छत्तिसाव्या पानावर तिचा हात थांबला.

पानभर मामंजी. खाली नाव कामगाराचं, आणि तो गेला ती तारीख.

तिने संपादकांना हाक मारली. संपादक धावत आले. "अहो, हे तुमचे..."

"हो."

"छापले?"

त्या कामगाराचा फोटो अगदी शेवटी आला होता, उभा. तिने चौकट उभी केली, फोटो ठेवला, पण मामंजींना उठवायचं राहिलं. तो फोटो त्यांच्याखाली गेला. पानं चौघांनी तपासली होती. पण त्या चेहऱ्याची सगळ्यांना इतकी सवय झालेली, की तो कुणाच्या डोळ्यांत आलाच नाही.

"अंक परवाच छापखान्यातून थेट त्यांच्या घरी गेलेत," संपादक डोक्याला हात लावून म्हणाले. "पुढच्या अंकात पहिलं पान त्यांचं करू. पण त्या घरी आता जायचं कोणत्या तोंडाने?"

फोटोबरोबर कामगाराच्या बायकोची चिठ्ठी होती. 'जपून ठेवा, हा एकच आहे.' चौकटताईने फोटो आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि घरी येऊन अंक मामंजींपुढे धरला.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "मी मेलो कधी?"

"मामंजी, चुकलं माझं."

आता गडगडाट होणार म्हणून तिने डोळे मिटले. पण आवाज हलकाच आला. "सूनबाई, त्या बाईचा माणूस माझ्याखाली दडपला गेलाय. पत्ता आहे ना? मग चपला घाल."

चाळिशीतल्या एका बाईने दार उघडलं. तिची नजर चौकटताईवरून मामंजींवर गेली आणि हातातला पेला खणकन पडला. तिने दाराची कड धरली.

"तुम्ही... तुम्ही आहात?"

"आहे, बाई," मामंजी म्हणाले. जन्मात न अडखळलेला माणूस अडखळला. "आमच्या हातून चूक झाली."

"नाव आमच्या ह्यांचं आणि चेहरा तुमचा. मला वाटलं, त्या स्फोटात गेलेलंच कुणीतरी असेल, फोटो इकडचे तिकडे झाले असतील. घरचे शोधत असतील बिचाऱ्याचे. परवापासून देवापुढे दोन वाती लावतेय मी. नाव ठाऊक नाही, म्हणून चष्मेवाले बाबा म्हणते."

आतल्या फळीवर अंक उघडा होता. छत्तिसावं पान, आणि पुढे दोन ज्योती. मामंजी आपल्याच फोटोपुढच्या वातीकडे बघत राहिले. चौकटताईला ब्रह्मांड आठवलं. आपण शिव्याशाप ऐकायला आलो होतो, आणि इथे आपल्या माणसासाठी प्रार्थना चालली होती.

तिने पर्समधला फोटो काढला. मामंजींनी तो घेतला, त्या पानावर स्वतःच्या चेहऱ्यावर अलगद ठेवला आणि हात जोडले.

"पुढच्या अंकात पहिलं पान यांचं आहे," चौकटताई कसंबसं म्हणाली. "चौकट हवी तेवढी मोठी होते. केवढा करू?"

बाईने डोळे पुसले. "मोठा नको. लाजायचे ते. पण ताई, एवढं करा, त्या पानावर ते एकटेच असू देत."