आरव्ही, बोट आणि विलास मेश्राम

विलास मेश्राम जेवायला बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचा. धुऊन झाले की टॉवेलला न पुसता, दोन्ही हात समोर धरून सुकेपर्यंत उभा राहायचा. औषधांच्या कंपनीत क्वालिटीच्या कामात आयुष्य गेलं, तिथली सवय, असं तो सांगे. आम्ही त्याला ‘डॉक्टर, पेशंट टेबलावर घेतलाय’ म्हणून चिडवायचो. तो चिडत नसे. चष्म्यावरून एकदा बघायचा, आणि त्या बघण्यावरून आपली लायकी काय असावी याचा साधारण अंदाज यायचा.

तो नागपूरचा. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, आमच्या मागच्याच रस्त्यावर त्याचं घर होतं. बायको संध्या, एकुलती मुलगी रेवा. तिसरं कुटुंब अनिरुद्ध आणि केतकीचं, पुण्याचं. आम्ही तीन कुटुंबं दर जुलैत आठवडाभर दोन आरव्ही भाड्याने घेऊन निघायचो. आरव्ही म्हणजे बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, फ्रिज आणि संडास-न्हाणी. हे सगळं घेऊन डोंगरात जायचं, दुसऱ्या आरव्हीपासून दहा फुटांवर ती उभी करायची आणि निसर्गाच्या सान्निध्यात आलो असं म्हणायचं. विलासचं मत पहिल्या वर्षापासून ठरलेलं होतं. “घरी भांडी घासतो, इथं येऊन पण भांडीच घासून राहिलो,” तो म्हणायचा, “फक्त इथं भाडं देऊन घासतो.” तरी तो दर वर्षी यायचा, कारण मुलांचं आपसांत जमायचं आणि संध्याला माणसं लागायची.

सहलीचा सूत्रधार अनिरुद्ध. हा कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन दुकानं फिरणारा माणूस, आणि फिरल्याचा आनंद आठवडाभर पुरवून खाणारा. त्याच्याकडे सहलीची शीट असायची. कोणी कोणत्या दिवशी ड्राइव्ह करायचं, स्वयंपाक कोणाचा, भांडी कोणाची, मुलांना अंघोळी कोणी घालायच्या, सगळ्याचे रंगीत रकाने. समानतेचा एवढा कळवळा की सलग दोन दिवस भांडी कोणाच्या वाट्याला येत नसत. फक्त मेश्रामांचा स्वयंपाकाचा दिवस दर वर्षी काही ना काही कारणाने गळायचा. त्या दिवशी पाऊस यायचा, नाहीतर बाहेर खायचं ठरायचं. एरवी प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकलाही त्यांच्या नावापुढे पेपर प्लेट्स आणि कोल्ड्रिंक्स असायची. संध्या वडाभात फार छान करते असं आम्ही ऐकून होतो.

त्या शीटमध्ये एक काम नव्हतंच. आरव्हीच्या पोटात साबणाच्या पाण्याची एक टाकी असते आणि एक मैल्याची. तीन-चार दिवसांनी ती भरली की लाल दिवा लागतो. मग गाडी एका ठरावीक जागी न्यायची, हातमोजे घालायचे, जाड पाइप टाकीला लावायचा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात सोडायचं आणि खटका ओढायचा. पहिल्या वर्षी दिवा लागला तेव्हा आम्ही तिघेही पुरुष तिथं होतो. भाड्याने देणाऱ्यांनी दाखवलेला व्हिडिओही तिघांनी मिळून पाहिला होता. अनिरुद्धला अचानक पाठ आठवली. मी म्हणालो, मी मुलांकडे बघतो. केतकी म्हणाली, “आमच्या ह्याला जमणारच नाही, उलटी होईल त्याला.” विलासने आमच्याकडे पाहिलं, हातमोजे उचलले आणि गेला. दोन्ही गाड्यांचं आटोपून आला, कोपरापर्यंत हात धुतले, सुकवत उभा राहिला.

दुसऱ्या वर्षी कोणी विचारलंही नाही. दिवा लागला की सगळे आपापल्या महत्त्वाच्या कामाला लागायचे. मी तर नेमका त्याच वेळी कांदे चिरायला घ्यायचो. तो परत आला की केतकी मोठ्या प्रेमाने म्हणायची, “तू बस रे विलास, आम्ही वाढतो.” तो पातेल्याजवळ येऊ नये यासाठी ते प्रेम होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. कळत होतं. सोयीचं होतं म्हणून बोललो नाही. अनिरुद्धने एकदा सगळ्यांसमोर ग्लास उंचावून “आपले टँक मॅनेजर विलासराव” असं जाहीर केलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. असे सात उन्हाळे गेले.

सातव्या उन्हाळ्यानंतर, ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, आमच्या बॅकयार्डात मुलं कॅम्पिंग खेळत होती. खुर्च्यांची आरव्ही केली होती. मी आणि विलास घरामागच्या लाकडी डेकवर बसलो होतो. माझी ईशा तेव्हा नऊ वर्षांची. तिने कामं वाटली. स्वतः ड्रायव्हर झाली, अनिरुद्धचा मुलगा कुक झाला, आणि मग ती रेवाला म्हणाली, “यू आर विलास काकाज किड, सो यू डू द टँक.” कुत्सितपणा नव्हता त्यात. पोरीने जे पाहिलं होतं ते सांगितलं. रेवा उठली आणि खुर्च्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

मी विलासकडे पाहिलं नाही. चहा गरम करून आणतो असं म्हणून आत गेलो. चांगला गरम होता चहा. परत आलो तेव्हा तो आणि रेवा घरी निघून गेले होते.

मार्चमध्ये अनिरुद्धच्या घरी पुढच्या सहलीची बैठक बसली. आरव्हीचं भाडं तेव्हा भलतंच चढलं होतं. मैलामागे वेगळे पैसे, जनरेटरच्या तासामागे वेगळे, इन्शुरन्स वेगळा, आणि जंगलात गाडी नुसती उभी करायचे हॉटेलएवढे. अनिरुद्ध भिंतीवरच्या टीव्हीवर शीट लावून एकेक आकडा असा वाचत होता, जणू घरातलं कोणी आजारी आहे. तेवढ्यात विलास म्हणाला की या वर्षी बोट घेऊ. न्यूयॉर्क राज्यात वरच्या बाजूला जुना कालवा आहे, तिथं राहायच्या बोटी आठवड्यावर मिळतात. स्वतः चालवायची, संध्याकाळी एखाद्या गावाच्या काठाला बांधायची. त्याने कागद आणला होता. खर्च आरव्हीपेक्षा थोडा कमीच येत होता.

मग आमची विद्वत्ता सुरू झाली. अनिरुद्ध म्हणाला, कालव्यात बोट माणसाच्या चालीने जाते, काठावरचे सायकलवाले आपल्या पुढे जातील, मग पैशाला व्हॅल्यू काय? केतकीला काळजी पडली की त्या एवढ्याशा बोटीत करायचं काय. ती सात वर्षं आरव्हीत पत्ते खेळत होती. माझ्या बायकोने, मुग्धाने, मुलं पाण्यात पडतील अशी शंका काढली. मी डासांचा मुद्दा मांडला. तो मला अगदी आयत्या वेळी सुचला होता आणि त्याचा मला अभिमान वाटला.

विलासने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बोटीची टाकी आठवडाभर पुरते. परत केली की कंपनीची माणसं मशीन लावून ओढून घेतात. त्यांचा तो जॉब आहे, पगार भेटते. बाकी मला बोटीचं काही कौतुक नाही. आरव्हीच पाहिजे तर आरव्ही करा. फक्त शीटमध्ये एक कॉलम वाढवा. टँक. तीन नावं, आळीपाळीनं.”

टीव्हीवर ती रंगीत शीट तशीच होती. शेवटी अनिरुद्ध दुखावल्यासारखा म्हणाला, “अरे यार, तू कधी बोलला नाहीस. आम्हाला वाटलं तुला काही प्रॉब्लेम नाही.”

“सात वर्षांत कोणी विचारलं?”

“विचारायचं काय त्यात? आपण फ्रेंड्स आहोत. तू उगाच याला जातीचा अँगल देतोयस.”

विलासने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. “जात हा शब्द मी नाही काढला, अनिरुद्ध,” तो म्हणाला. “मी कॉलम म्हणालो.”

संध्या आधीच उठली होती. दारात तिने आमच्यासाठी आणलेली कोल्ड्रिंक्सची पिशवी उचलली, क्षणभर विचार केला आणि तिथंच ठेवली. दोघं गेले. त्यांच्या मागे केतकी म्हणाली की हल्ली लोक फार सेन्सिटिव्ह झालेत. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. या माझ्या कौशल्यावर मी या देशात बऱ्यापैकी वर आलो आहे.

दोन दिवसांनी ग्रुपवर अनिरुद्धचा मेसेज आला. आरव्हीचे रेट्स फारच वाढल्यामुळे यंदाची ट्रिप कॅन्सल करत आहोत, सर्वांनी समजून घ्यावं. म्हणजे तीन सुशिक्षित पुरुषांपैकी दोघांना आठवड्यातून एकदा हातमोजे घालणं इतकं परवडेना की त्यांनी सुट्टीच रद्द केली आणि बिल महागाईच्या नावावर फाडलं. मेसेजखाली अंगठे आले. तिसरा अंगठा माझा होता.

त्या जुलैत मेश्राम कुटुंब बोटीवर गेलं. जाण्यापूर्वी विलासने मला फोन करून विचारलं होतं, एक खोली रिकामी आहे, येता का तुम्ही? मी म्हणालो, रजा नाही. रजा भरपूर होती. अनिरुद्धला काय वाटेल, एवढाच प्रश्न होता. परत आल्यावर भेटला तेव्हा मी कशी झाली ट्रिप म्हणून विचारलं. तो म्हणाला, “बोअर झालं बाप्पा. डास होते. अनिरुद्धचं बरोबर होतं, सायकलवाले पुढे जाते. पण शेवटच्या दिवशी बोट परत केली न, तर एक पन्नाशीचा माणूस मशीन घेऊन आला. त्याचं काम त्यानं केलं. आणि मी समोरच्या बाकावर बसून पूर्ण वेळ आइस्क्रीम खाल्लं. माझ्या लाइफमधली बेस्ट व्हेकेशन.”

वर्षभरात त्याने नॉर्थ कॅरोलिनात नोकरी घेतली आणि ते मॉरिसव्हिलला गेले. सामानाचा ट्रक भरायला मी गेलो होतो. खोकी उचलताना दोन-तीनदा तोंडाशी आलेलं मी गिळलं. विलासला ते दिसत होतं. मदत करायची त्याला इच्छा नव्हती आणि त्याने ती का करावी? निघताना ईशा रडली. विलासने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तुझं काही नाही बेटा.” तुझं या शब्दावर किंचित जोर होता. मी ट्रकचं दार बघत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात माझे आई-बाबा भारतातून आले. त्यांना अमेरिका दाखवायची म्हणून, भाडं परवडत नसताना, मी आरव्ही घेतली. अनिरुद्धला बोलावलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी लाल दिवा लागला. मी हातमोजे घेतले तेव्हा बाबांनी विचारलं, “तू कशाला? इथं माणूस मिळत नाही का?”

“मिळायचा,” मी म्हणालो. “आता नाही.”

सात मिनिटं लागली. घड्याळात पाहिली म्हणून सांगतो. वास आला, पाइप एकदा हातातून निसटला, बुटावर चार थेंब उडाले, आणि काम झालं. सात उन्हाळे ज्याच्यासाठी मी कांदे चिरले ते हे एवढंसं काम. कोपरापर्यंत हात धुतले. मग माझ्याही नकळत ते समोर धरून उभा राहिलो, कारण टॉवेलला हात लावला तर मुग्धा काय म्हणेल हे मनात आलं. त्याची ती सवय क्वालिटी डिपार्टमेंटची होती का, हे मी त्याला कधीही विचारणार नाही.

मग मी चहा केला आणि पहिला कप बाबांपुढे धरला. बाबा पेपर वाचत होते. “ठेव तिथं,” ते म्हणाले. मी टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. चहा निवला, त्यावर साय धरली. थोड्या वेळाने मुग्धाने दुसरा केला, तो त्यांनी तिच्या हातातून घेतला आणि छान झालाय म्हणाले. स्वतःच्या मुलाच्या हातचा कप होता तो, आणि एकच दिवस. मी गाडीतून खाली उतरलो आणि लांब जाऊन विलासला फोन लावला.

टाकी मी उपसली, एवढंच आधी सांगितलं. त्याने विचारलं, “कोणती आधी उघडली? मैल्याची की साबणाच्या पाण्याची?”

“साबणाच्या पाण्याची.”

“उलटं केलं. मैल्याची आधी, मग साबणाचं पाणी. म्हणजे पाइप धुऊन निघते. तुला तर व्हिडिओ दाखवला होता.”

मी चहाचं सांगितलं. मग मी माफी मागायला लागलो, आणि ती मागता मागता मला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस, पार्किंगमध्ये. त्याने मला मध्येच थांबवलं.

“ते राहू दे,” तो म्हणाला. “सप्टेंबरमध्ये लाँग वीकेंडला इकडं ये, सगळ्यांना घेऊन. बाबांना पण. संध्या वडाभात करते. तुम्हाला काही आणायची गरज नाही.” आणि थोडं थांबून म्हणाला, “असं कर. पेपर प्लेट्स आण.”