खालच्या पायरीवरची तलवार

बोम्मैआत्याच्या कोलूत, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीत, वरच्या पायऱ्यांवर देव, त्याखाली मातीच्या बारा बाहुल्या आणि सगळ्यांत खाली, रांगोळीला खेटून, एक टॅबलेट उभा असे. नवरात्रात हळदीकुंकवाला आलेल्या बायका देवांना नमस्कार करीत खाली येत आणि टॅबलेटपाशी गोंधळत. "हेंहि बोम्मैच," आत्या सुंडलची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची, वाटी पुढे करीत सांगे, "मातीचें नव्हें, एवढेंच." बाहुलीला आमच्या तंजावुरात बोम्मै म्हणतात. आत्याला बाहुल्यांचं वेड, म्हणून ती साऱ्या गल्लीची बोम्मैआत्या.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. राजवाड्यामागच्या गल्लीत राहायची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. परदेशी जाण्याआधी तिच्या मुलाने, रघूने, तिला एक नवा गेम दाखवला होता. त्यातली तलवार किंवा ढाल घेतली, की ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांत ठेवलेल्या एका सामायिक वहीत, आपल्या नावे तिची नोंद होई आणि ती नोंद गेमवाल्यांनाही पुसता येत नसे. रघू ते चार दिवसांत विसरला. आत्याला मात्र नाद लागला. गेम ती एकदाही खेळली नाही. तिला हव्या असत त्या फक्त अगदी पहिल्या वस्तू, गेम धड बनलेही नव्हते तेव्हाच्या. त्या विकत मागायला कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांना ती 'डिअर सर' घालून इंग्रजीत पत्रं लिही, आणि ती पोरंही बिचारी अदबीने उत्तरं देत.

टॅबलेटवर मांडलेली तिची पहिली तलवार दिसायला विळ्यासारखी होती. पुढे त्या गेमची कंपनी बुडाली. चित्र त्यांच्याच कॉम्प्युटरवर होतं, ते गेलं. उरला एक करडा चौकोन आणि खाली नंबर. मी हसून म्हटलं, "आत्या, आता तरी काढ हे." तिने शांतपणे चौकोनासमोर अक्षता ठेवल्या.

"करणारा कुंभार मेला म्हणून बोम्मैला घराबाहेर काढतीस काय ग? नंबर आहे नव्हें? मग तलवार आहे."

बाहुल्या मांडायला मी दरवर्षी ओरत्तनाडूहून बसने येई. मी एकेक पुसून हातात द्यायची आणि तिने ठेवायची. क्रम ठरलेला: आधी दुकानवाला चेट्टियार, मग त्याची बायको, मग वीणावाली, असं करत शेवटी सोंड तुटलेला हत्ती. एक जरी मागेपुढे झाली, तरी ती सगळी रांग उतरवून पहिल्यापासून लावायला सांगे. मी कुरकुरायची, कुठेही ठेवलं तरी काय बिघडतं? तो हत्ती तर मी तीनदा केरात टाकला आणि तिने तीनदा उचलून आणला. "अस्के चांगलें तेवढेंच ठेविलें तर जुनें कोण ठेवील?" हे तिचं ठरलेलं वाक्य; अस्के म्हणजे सगळे.

दीड वर्षापूर्वी दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन आत्या गेली. दिवसकार्य आटोपल्यावर रघू टॅबलेट घेऊन बसला. तिचा सगळा संग्रह बारा शब्दांच्या किल्लीने उघडणारा; ते शब्द नसतील, तर जगात कुणापाशी अर्जविनंती करायची सोय नाही. आम्ही वह्या चाळल्या, तांदळाचे डबे उपसले, देवांचे फोटो उलटे केले. काही सापडलं नाही. "मीच तिला नादाला लावलं अन् मीच कुलूप लावून चाललोंय," रघू निघताना म्हणाला. मलाही फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांचं तिचं प्रेम असं जागच्या जागी नाहीसं व्हावं!

दुखवट्याच्या वर्षी कोलू मांडला नाही. यंदा मी एकटीनेच पेटी उघडली. चेट्टियार पुसताना कधी नव्हे तो उलटा केला, तर बुडाशी आत्याच्या फळ्यावरच्या अक्षरांत एक इंग्रजी शब्द. बायकोच्या बुडाशी दुसरा. बारा बाहुल्या, बारा शब्द. मी रघूला फोन लावला.

"नंबर घातलेत काय?" त्याने विचारलं.

"नाहीत."

"मग कसें? क्रम चुकला तर उघडणार नाही."

मी पायरीकडे पाहिलं. "रघू, क्रम मला येतो," म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. दरवर्षी ती माझ्या हाती किल्ली देत होती आणि मी कुरकुरत होते.

मी रांग लावली आणि शब्द एकेक करून टॅबलेटवर भरले. शेवटचा हत्तीच्या बुडाशी होता. संग्रह उघडला, सर्वांत वर तो करडा चौकोन. मी तसं रघूला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तेथेंच राहूं दे. त्याच पायरीवर."

दसऱ्याच्या संध्याकाळी कोलूतली एक बाहुली आडवी करून निजवायची रीत आहे. आत्या नेहमी हत्तीलाच निजवी. मीही त्यालाच उचललं, हलकेच आडवं केलं आणि म्हटलं, "नीज आता, आत्या."