आत्याचं ‘काहून?’

माझ्या आत्याला गावात तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. जवळा बाजारच्या आसपास ती ‘काहूनबाई’च. कुणी काही सांगितलं की पदर खोचायची, डोळे बारीक करायची आणि विचारायची, ‘‘काहून?’’ म्हणजे ‘का?’. डॉक्टरला विचारायची, पूजा सांगणाऱ्या गुरुजींनाही सोडायची नाही. तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा, या शब्दाला इतके विटले होते की तिने तोंड उघडायच्या आत उठून गोठ्यात जात.

हळद शिजवायच्या दिवसांत तर विचारूच नका. हळद शिजवायचा भाड्याचा कुकर शेतात यायचा, टाकीखाली जाळ लागायचा, पाण्याची वाफ हळदीच्या ड्रममध्ये जायची. जाळाला लाकूड आमच्याच बांधावरचं. दरवर्षी तोडून तोडून बांध बोडका झाला आणि विहिरीजवळची बाभूळ तेवढी उरली. आत्या तिच्याच सावलीत भाकर खायची. एका वर्षी मामा म्हणाले, औंदा हीपण तोडावी लागेल. आत्याने नेहमीचं विचारलं, पण या वेळी पदर खोचला नाही.

मग ती कुकरभोवती घिरट्या घालू लागली. ड्रममधून वाहून जाणारं पिवळं कढत पाणी तिला दिसलं.

‘‘एवढं जाळून तापवलं, अन् काहून सोडून देऊन राहिले? घाला परत टाकीत.’’

घातलं. थोड्याच वेळात हळदीच्या अंगच्या मातीने नळी तुंबली, वाफ बंद, आणि हळद कच्ची! कुकरवाल्याने कपाळाला हात लावला. मोंढ्यात व्यापाऱ्याने हळदीची कांडी मोडून बघितली आणि बाजूला टाकली. मामांनी तिच्याशी अबोला धरला. त्या भांडणात बाभूळ तोडायची मात्र राहून गेली.

आत्या थंड बसली असेल असं वाटतं का? छे! पुढच्या हंगामात तिने तेच पाणी झाकून निवळू दिलं, जुन्या लुगड्यातून गाळलं, मग टाकीत घातलं. ड्रमला पोती गुंडाळली. तुरीची वाळकी खोडं, म्हणजे तुराट्या, एरवी शेतातच पेटवून देत; त्या तिने आधीच गोळा करून छपरात रचल्या होत्या, त्या जाळाला लावल्या. मामांनी शिजलेल्या हळदीत काडी खुपसून पाहिली. सरळ आत गेली. पुन्हा दुसरीकडे खुपसली. मग दुपारी स्वतःची भाकर घेऊन बाभळीखाली जाऊन बसले. मला फार बरं वाटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आत्या अचानक गेली. मी हिंगोलीहून पोचलो तेव्हा तिचा मुलगा कुऱ्हाड घेऊन विहिरीकडे निघाला होता. सरणाला घरचंच लाकूड पाहिजे, असं भावकीचं म्हणणं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सकाळपासून ओट्यावर बसलेले मामा तेवढ्यात उठले, काठी टेकत बाभळीपाशी गेले आणि लेकासमोर उभे राहिले.

‘‘काहून?’’

मुलाने कुऱ्हाड खाली ठेवली. मला रडू आवरेना. मामा म्हणाले, ‘‘गोवऱ्या हायेत. तिनं औंदा रचलेल्या तुराट्या हायेत. त्या आना.’’

आम्ही छपराकडे गेलो.